आमची वाटचाल : दरीसाठी राखून ठेवलेला दिवस

पवित्र भूमीच्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत वादी केल्टच्या दरीसाठी एक थांबा असतो, तोही छायाचित्रे काढण्यापुरता. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी बस महामार्ग सोडून थोडी आत वळते, यात्रेकरू टेकडीवरच्या क्रुसापाशी उभे राहून पलीकडच्या कड्याला चिकटलेला मठ पाहतात आणि दुपारच्या जेवणासाठी पुढे निघतात. आमचा व्यवसाय या थांब्याचा पूर्ण दिवस करण्यातून उभा राहिला, आणि आजही आमच्याकडे येणारे बहुतेक लोक त्या एका दिवसाविषयी कोणाकडून तरी ऐकून आलेले असतात.

आम्ही वसईचे. येथील कॅथॉलिक घरांत आयुष्यात एकदा तरी येशूची भूमी पाहून यावी ही इच्छा असते आणि त्यासाठी कोणी भिशी लावतो, तर कोणी वाडीतील केळी आणि फुलांच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे थोडे थोडे बाजूला ठेवतो. पतीचा सह्याद्रीत पदभ्रमंतीचे गट नेण्याचा छोटा व्यवसाय होता आणि मी एका प्रवास कार्यालयात तिकिटे व व्हिसाचे काम पाहत असे. 2012 साली आम्ही ही दोन्ही कामे एकत्र केली. नाणेघाट चढलेल्या माणसाला जुन्या व्यापारी वाटेचे मोल सांगावे लागत नाही, आणि यरुशलेम ते यरीहो ही तशीच जुनी वाट आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात लुटारूंच्या हाती सापडलेला माणूस याच वाटेने ‘खाली’ जात होता, आणि तो शब्द अगदी नेमका आहे, कारण तीस किलोमीटरही न भरणाऱ्या या अंतरात रस्ता सुमारे 1,000 मीटर उतरतो. बसमध्ये हे कळत नाही. पायांना मात्र लगेच कळते.

दरीचा आमचा दिवस पहाटे सुरू होतो, कारण सेंट जॉर्ज मठाचे दार साधारणपणे दुपारी एकच्या सुमारास बंद होते आणि त्यानंतर चुनखडीच्या कड्यांमध्ये उन्हाची धग कोंडून राहते. उतरणीला अर्धा तास पुरतो, चढताना मात्र वयाप्रमाणे दुप्पट वेळ लागतो. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तेथील बेदुइन या भटक्या अरब जमातीची मुले गाढवे घेऊन उभी असतात. भाडे आधीच ठरवून घ्यावे, एवढेच आम्ही यात्रेकरूंना सांगतो. या मठाची सुरुवात पाचव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधील थीब्सहून आलेल्या योहान नावाच्या संन्याशाने केली. 614 मध्ये पर्शियन आक्रमणात मठातील संन्यासी मारले गेले, त्यांच्या कवट्या आजही तेथे जतन करून ठेवल्या आहेत. आज दिसणारी वास्तू बहुतांशी 1878 ते 1901 या काळात कॅलिनिकॉस नावाच्या ग्रीक संन्याशाने पुन्हा उभी केलेली आहे. आजूबाजूच्या कपारींमध्ये एकेकट्या संन्याशांच्या गुहा आहेत, आणि ज्यांनी जुन्नरच्या लेण्यांतील विहारांच्या कोठड्या पाहिल्या आहेत त्यांना त्या फारशा परक्या वाटत नाहीत.

येथे मार्गदर्शक हमखास सांगतो की, एलीया संदेष्ट्याला कावळ्यांनी अन्न पुरवले तो करीथ ओहोळ हाच. आमच्या गटाला आम्ही हेही सांगतो की, राजांच्या पहिल्या ग्रंथातील तो ओहोळ यार्देनेच्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या, पूर्वेला असल्याचे अनेक अभ्यासक मानतात, त्यामुळे ही श्रद्धेने जपलेली परंपरा आहे, सिद्ध झालेले स्थळ नव्हे. असे सांगितल्याने भक्ती कमी होते, असे आमच्या अनुभवास आलेले नाही.

सुरुवातीच्या काळात किद्रोन दरीतील मार साबा मठही आम्ही कार्यक्रमात ठेवला होता. 483 मध्ये संत साबा यांनी स्थापलेला हा मठ दृश्य म्हणून अधिक भव्य आहे, यात शंका नाही. परंतु तेथे स्त्रियांना प्रवेश नाही. त्यांनी बाहेरच्या बुरुजावरून पाहावे, अशी रीत आहे. आमच्या गटांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात आणि भिशीचे हप्ते बहुधा त्यांनीच भरलेले असतात. तेव्हा मी तो मठ कार्यक्रमातून काढला. सेंट जॉर्ज मठात स्त्रियांना जाता येते, हे आमच्या निवडीमागचे साधे आणि पुरेसे कारण होते.

मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा असल्यामुळे सोबतच्या फादरांना तेथे मिस्सा अर्पण करता येत नाही. म्हणून सकाळी दरीच्या काठावर तेविसाव्या स्तोत्राचे वाचन आणि दुपारी यरीहो येथील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या ‘उत्तम मेंढपाळ’ चर्चमध्ये मिस्सा, असा क्रम आम्ही बसवला. पुढे अहमदनगर आणि पुण्याकडील प्रॉटेस्टंट मंडळी येऊ लागली, तेव्हा मिस्साऐवजी उपासना आणि नारायण वामन टिळकांची भजने आली. दोन्ही पंथांचा एकत्र गट नेण्याचा आग्रह अनेकदा होतो. आम्ही तो टाळतो, कारण यरुशलेममध्ये येशूची कबर म्हणून दोन स्थळे मानली जातात; कॅथॉलिकांना पवित्र कबरीच्या महामंदिरात अधिक वेळ हवा असतो आणि प्रॉटेस्टंटांना उद्यानातील कबरीपाशी, आणि दोघांचाही आग्रह रास्तच असतो.

या व्यवसायात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे ‘आज उतरायचे नाही’ हे सांगणे. यरुशलेमला वर्षाला सुमारे 550 मिलिमीटर पाऊस पडतो आणि यरीहोला जेमतेम 150. त्यामुळे दरीवर आकाश निरभ्र असताना वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस घळीतून लोंढ्यासारखा खाली येऊ शकतो. एप्रिल 2018 मध्ये मृत समुद्राच्या दक्षिणेकडील त्झाफित घळीत अशाच लोंढ्यात 10 तरुण मृत्युमुखी पडले. त्यानंतर आम्ही नियम लेखी केला: वरच्या भागात पावसाचा इशारा असेल, तर पैसे भरलेले असोत वा फादरांचा आग्रह असो, गट काठावरच थांबतो. गटाची मर्यादा 20 जणांची ठेवली आणि निघण्यापूर्वी तुंगारेश्वरच्या वाटेवर सरावाची चाल सक्तीची केली. या सक्तीमुळे काही नोंदण्या रद्द होतात, पण तो तोटा आम्ही खर्चातच धरतो.

कोविडच्या काळात व्यवसाय पूर्ण थांबला. ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलींवर टीसीएस (सहल विकणाऱ्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर) लागू झाला आणि भिशीवर चालणाऱ्या कुटुंबांना तो पाच टक्क्यांचा भार जड वाटला, कारण परतावा मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, जे निवृत्त शेतकरी कुटुंबांत अनेकदा भरले जात नाही. आता विवरणपत्र भरून देण्याचे काम आमच्याच कार्यालयात होते. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाले आणि ठरलेले गट रद्द करून रक्कम परत करावी लागली. हॉटेलांनी काही रक्कम पुढील तारखांसाठी वळती केली, उरलेली आम्ही साठ्यातून दिली.

तेव्हापासून आम्ही यार्देनेच्या पूर्व तीरावर लक्ष दिले आहे. जॉर्डनमधील वादी मुजिब म्हणजे बायबलमधील आर्णोन, मवाब आणि अमोरी या प्राचीन लोकांच्या प्रदेशांमधील सीमा. प्राचीन राजमार्ग ही दरी ओलांडतो आणि वळणावळणाने उतरताना तिची खोली अंगावर येते. त्याच मुक्कामात नबो पर्वत, 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले येशूच्या बाप्तिस्म्याचे स्थळ, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध जेथे झाल्याचे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसने नोंदवले आहे तो मखेरसचा किल्ला, हे सर्व बसते. मृत समुद्राच्या बाजूने मुजिबच्या घळीत पाण्यातून चालण्याची वाट केवळ उन्हाळी महिन्यांत खुली असते आणि तेथे अठरा वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत. ती आम्ही तरुणांच्या स्वतंत्र गटासाठी ठेवली आहे. ज्येष्ठांचे गट वसंत ऋतूत राजमार्गाने जातात. वादी केल्टचा दिवस आमच्या कार्यक्रमपत्रिकेत अजूनही छापलेला आहे, मात्र त्यासाठी सध्या आम्ही केवळ नावे नोंदवून घेतो, आगाऊ रक्कम घेत नाही.