सक्शन स्थिरावेपर्यंत

ठोकून घट्ट केलेल्या चिकणमातीच्या पोकळ्यांत पाणी असतं तशी हवाही असते. हवेच्या दाबातून पाण्याचा दाब वजा केला की मिळतं ते सक्शन. ते कणांना धरून ठेवतं, म्हणून सक्शन जास्त असेल तर यील्ड स्ट्रेसही, म्हणजे ज्या दाबाला माती कायमची दबू लागते तो दाबही, जास्त यायला हवा. 1990 मध्ये अलोन्सो, जेन्स आणि होसा यांनी मांडलेल्या मॉडेलमधली एलसी (लोडिंग-कोलॅप्स) रेषा, म्हणजे कोणत्या सक्शनला यील्ड स्ट्रेस किती ते सांगणारी रेषा, हेच दाखवते. मला ती माझ्या नमुन्यांवर काढायची होती.

नमुने ऑप्टिममपेक्षा, म्हणजे माती ठोकून सर्वांत घट्ट बसते त्या ओलाव्यापेक्षा, कोरड्या बाजूला ठोकले. ओडोमीटरच्या, म्हणजे मातीवर भार देऊन ती किती दबते ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, तळाशी सिरॅमिक डिस्क होती. ती पाणी जाऊ देते, हवा अडवते. 200 किलोपास्कल सक्शनसाठी हवेचा दाब 250 आणि पाण्याचा 50 ठेवला. पाणी उणे दाबात गेलं तर त्यात बुडबुडे धरतात, म्हणून दोन्ही दाब असे वर उचलून ठेवावे लागतात.

नमुने पाणी ओढू लागले. चौथ्या दिवशी ब्युरेटमधली (डिस्कखालच्या पाण्याला जोडलेल्या, खुणा केलेल्या नळीतली) पातळी थांबली, तेव्हा मी भार चढवायला घेतला. 100 आणि 200, दोन्ही सक्शनना भार आणि दबणं यांचा वक्र जवळजवळ एकाच जागी वाकला, म्हणजे यील्ड स्ट्रेस सारखाच आला. फार वाईट वाटलं.

कारण डिस्कखाली सापडलं. हवा पाण्यात विरघळून डिस्कपलीकडे पोचते आणि तिथे पुन्हा बुडबुडे होऊन साठते. नमुना पाणी ओढतच होता, पण बुडबुडे तेवढंच पाणी ब्युरेटकडे ढकलत होते. म्हणून पातळी हलत नव्हती. दोन्ही नमुन्यांच्या आत सक्शन अजून ठोकतानाच्याच आसपास होतं.

मग रोज डिस्कखालची खाच धुऊन बुडबुड्यांचं आकारमान मोजलं आणि नोंदी तेवढ्याने दुरुस्त केल्या. मातीतल्या पाण्याच्या प्रमाणातला बदल दिवसाला 0.04 टक्क्यांखाली आल्याशिवाय भाराला हात लावायचा नाही, असं ठरवलं. भारही सावकाश चढवला. घाई केली तर पाण्याला निघायला वेळ मिळत नाही आणि वाकण्याची जागा पुसट होते. एकेका नमुन्याला आठवडे लागले, पण आता 200 चा वक्र 100 च्या स्पष्ट पुढे वाकला.

शेवटच्या नमुन्यावर भार तसाच ठेवून सक्शन टप्प्याटप्प्याने शून्यावर आणलं. आधी तो किंचित फुगला. मग सक्शन आणखी उतरलं, एलसी रेषा गाठली गेली आणि नमुन्याची उंची दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा उलटा फिरून खाली जात राहिला. एक ग्रॅमही वजन वाढवलं नव्हतं.