बेशरमाच्या झुडपांतला हिवाळा

डिसेंबर लागला की मोबाइलवर काश्मीर-मनालीचे फोटो येऊन पडतात. पांढरा बर्फ, त्यात एक काळं झाड, संपलं. सुंदर असतात, नाही कुठं म्हणते? पण अर्धं काम बर्फानंच करून ठेवलेलं असतं. दगड, काटक्या, वाळकं गवत, सगळं झाकलेलं. आमच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी बर्फ काही पडला नाही. इथला हिवाळा झाकत तर नाहीच, पावसाळ्यानं हिरव्याखाली लपवलेला सगळा पसाराही उघडा पाडतो. मला फोटो काढायचा असतो तो त्या पसाऱ्याचा.

म्हणूनच धुक्याबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्रभर जमीन गार होत गेलेली, की पहाटे अंबाझरी तलावाच्या पाण्यावरून वाफ उठते, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्या वेळी कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर पांढऱ्याला राखाडी समजतं, म्हणून मी एक्सपोजर एक स्टॉप वाढवते, म्हणजे दुप्पट प्रकाश आत घेते. चार फोटो काढते, ते छान येतात, आणि मग धुकं कधी जातं याची वाट बघत बसते. धुक्यात कुणाचाही फोटो चांगला येतो हो. काठावरच्या झुडपांचा गुंता, पाण्यात पडलेली फांदी, तरंगणारी जलपर्णी हे सगळं डोळ्यांत खुपायला लागलं की खरी परीक्षा.

काठावर बेशरम माजलेला असतो. तोच, जांभळट फुलांचा, जनावरंही ज्याला सहसा तोंड लावत नाहीत. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण विदर्भातला एक नाला त्याच्याशिवाय दिसायचा नाही. पानं विरळ झाली की त्याच्या लांब काड्या पाण्यावर वाकतात, आणि प्रत्येक काडीखाली तिचीच उलटी काडी उभी राहते. नुसत्या डोळ्यांना ते जंजाळ वाटतं. पण मी वाइड लेन्स घरीच ठेवते (वाइडनं पसारा अजूनच पसरतो), लांबचं जवळ आणणारी ५५-२५० मिमीची झूम लेन्स लावते आणि त्यातला हातभर तुकडा निवडते. मग काड्या आणि प्रतिबिंबं मिळून चौकटी, त्रिकोण, अर्धवट अक्षरं तयार व्हायला लागतात. वाऱ्याची एक झुळूक आली की खालची अर्धी अक्षरं मोडतात, वरची तशीच. मी लेन्सचं छिद्र एफ आठवर ठेवून, ट्रायपॉड चिखलात रोवून, ती मोडायची वेळ धरायला बघते. दहातले नऊ फोटो नुसते काड्यांचे निघतात. दहाव्यासाठी एवढी थंडी खायची.

फिरायला येणारे एक काका एकदा थांबले. ‘‘काऊन जी, तुमाले काय दिसून राह्यलं इथं?’’ मी म्हटलं, काड्या. ‘‘तिकडून घ्या ना मंग, तिकडून तलाव मस्त दिसते.’’ काकांचं खरंच होतं, तिकडून दिसतो मस्त. पक्षीवाल्यांची तोंडंही तिकडंच असतात, एखादा पट्टकदंब उतरेल म्हणून. त्यांच्या लेन्स बघून माझी लेन्स मी पिशवीत घालते.

गोरेवाड्याकडच्या सागांखाली वेगळीच गंमत. पावसाळ्यात अळ्यांनी हिरवा गर खाल्लेला असतो, म्हणून गळलेल्या कितीतरी पानांची नुसती जाळी उरते. ताटाएवढी पानं, एकमेकांवर कशीही पडलेली. उभ्यानं बघितलं तर तपकिरी कचरा. खाली बसून उन्हाकडे तोंड केलं की जाळीतून जाळी दिसते.

आणि आमचं हिवाळ्यातलं ऊन! पहाटेच्याच प्रकाशात फोटो काढावेत असं सगळे सांगतात. ते मे महिन्यासाठी ठीक आहे. तेव्हा इथं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे तुमची सावली तुमच्याएवढी. गवताच्या प्रत्येक काडीला तिची पूर्ण लांबीची सावली मिळते. म्हणून मी तर्री पोहे खाऊन, सावकाश, अकराला पुन्हा निघते.

आईला हे फोटो पटत नाहीत. ‘‘एवढा महागाचा कॅमेरा आणि काडीकचरा काढतेस होय गं?’’ मागच्या वर्षी तिनं सगळ्यांतून एकच निवडला, संत्र्यांच्या ढिगाचा. तो मी रस्त्याकडेला, संत्री घेता घेता काढला होता. सध्या तोच बैठकीत लागलाय.

कुणाला यायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत या. फेब्रुवारीत पळस फुलायला लागतो, मग कॅमेरा दुसरीकडे वळूच देत नाही. आणि लोकरीचे मोजे घालू नका. गवताची कुसळं त्यात अशी घुसतात, की घरी आल्यावर फोटो बघायचे सोडून चिमट्यानं ती उपटत बसावं लागतं.