गिअरबॉक्स उतरवण्याआधी : आमची वाटचाल

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की त्यात नेमकं काय बिघडलंय ते शोधून काढणं, हा आमचा व्यवसाय. दुरुस्तीही आम्हीच करतो, पण ती नंतर. आधी ग्राहकाच्या हातात लेखी निदान पडतं, त्याचे पैसे वेगळे लागतात, आणि तो कागद घेऊन त्याने दुसऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये जावं, आमची हरकत नसते. सुरुवातीला लोक विचारायचे, "नुसतं बघायचे पैसे कसले?" आणि निघून जायचे. आम्ही मात्र या पद्धतीवर ठाम राहिलो. का राहिलो, ते सांगायला हे लिहितो आहोत.

आम्ही दोन भागीदार. एकाची उमेदीची वर्षं कार्ब्युरेटर आणि इग्निशनमध्ये गेलेली, दुसरा कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीतून आलेला. उघडलं ते साधं गॅरेज. त्या काळी ऑटोमॅटिक गाडी आली की धंद्यातली रीत एकच होती. गिअर पकडत नाही? उतरवा. झटका मारते? उतरवा. उतरवला की सगळ्या क्लच प्लेट आणि सगळी सील बदलून परत बसवा. यात गाडी कधी बरी व्हायची, तर कधी तीच तक्रार घेऊन परत यायची, कारण मूळ दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच राहून गेलेला असायचा. ग्राहकाचा खर्च तर होऊन बसलेला!

हायड्रॉलिकवाल्या भागीदाराला या यंत्राची भीती वाटली नाही, आणि आमची दिशा तिथेच ठरली. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक आणला आणि तो १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर बसला. तेव्हापासून थेट १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवत असे. गव्हर्नर नावाच्या फिरत्या भागाचा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा दाब एका बाजूने, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा दाब दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये एक छोटा सरकता व्हॉल्व्ह. ज्या बाजूचा जोर जास्त, तिकडे व्हॉल्व्ह सरकतो आणि गिअर पडतो. एवढं कळलं की "गिअर उशिरा पडतो" ही तक्रार गूढ राहत नाही. एक तर वेगाचा दाब कमी पोचतोय, नाही तर अ‍ॅक्सिलरेटरचा दाब गरजेपेक्षा जास्त आहे.

म्हणून आमची पहिली खरी खरेदी होती ३०० पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं एकक) प्रेशर गेज, लांब नळीसकट, म्हणजे चालत्या गाडीत तो शेजारच्या सीटवर धरून वाचता यावा. जवळपास प्रत्येक जुन्या गिअरबॉक्सला दाब मोजायचा एक प्लग दिलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांवर तो प्लग कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलेलाही नसतो. आयडलवर दाब किती, रेस केल्यावर किती चढतो, रिव्हर्समध्ये किती. रिव्हर्समध्ये तो डीपेक्षा (लिव्हरची पुढे जायची जागा) बराच वर जायला हवा, तशीच रचना असते. सगळीकडेच दाब कमी असेल तर संशय तेलाची पातळी, फिल्टर, पंप किंवा मुख्य प्रेशर व्हॉल्व्हवर. एकाच गिअरमध्ये पडत असेल तर त्या गिअरच्या क्लचचं सील गळतंय. हा गेज बघायला ज्याच्याकडे वेळ नाही त्याने ऑटोमॅटिकला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण गेजच्याही आधी तेल. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की सुरुवातीला त्याला फक्त तेलच बघायला लावतो. पातळी बघायची तर बहुतेक जुन्या गाड्यांत तेल ७०-८० अंशांपर्यंत गरम, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या जागांवर एकेकदा फिरवून पार्कमध्ये. काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते, इंजिन बंद करून बघायची, त्यामुळे मॅन्युअल उघडल्याशिवाय डिपस्टिक ओढायची नाही. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, हे सगळ्यांना पटतं. जास्त असली तरी तेच होतं हे मात्र लोकांना पटवून द्यावं लागतं. फिरते भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचला पूर्ण जोर मिळत नाही. मग रंग आणि वास. जुनं तेल तपकिरी झालेलं चालतं. काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटचं अस्तर जळलंय. आणि तेल गुलाबी, दुधट दिसलं तर गाडी तिथेच थांबवायची, कारण रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट तेलात आलंय. पाण्यामुळे क्लचचं अस्तर प्लेटवरून सुटायला लागतं. इथे उशीर म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल, आणि रेडिएटर बदलल्याशिवाय केलेला ओव्हरहॉल वाया.

आमचं नाव ज्या प्रकारच्या कामांमुळे झालं त्यातलं एक सांगतो. गाडी गिअर फार उशिरा बदलायची, बदलताना जोरात झटका, एग्झॉस्टमधून पांढरट धूर. एका ठिकाणी इंजिनचा ओव्हरहॉल सांगितलेला, दुसरीकडे गिअरबॉक्सचा. बाहेर कुठे गळती नाही, तरी गिअरबॉक्सचं तेल कमी होत होतं. व्हॅक्यूम मॉड्युलेटर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवरून, हवेच्या ओढीवरून, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळवणारा भाग. त्याची रबरी नळी काढली तर आत लाल तेल. मॉड्युलेटरचा पडदा फाटला होता, इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत होतं, आणि व्हॅक्यूम नीट लागत नसल्यामुळे गिअरबॉक्सला वाटत होतं की अ‍ॅक्सिलरेटर कायम दाबलेला आहे. दोन यंत्रांच्या दोन तक्रारी, दोष एकच, आणि तोही बाहेरून हाताला येणारा. ज्या गाड्यांत मॉड्युलेटरऐवजी अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली केबल असते तिथे याच्या उलट आणि जास्त धोकादायक प्रकार होतो. केबल सैल असली की गिअर लवकर आणि अगदी मऊ पडतात, मालक खूश असतो. पण काही गिअरबॉक्समध्ये तीच केबल मुख्य दाबही ठरवते. दाब कमी पडून प्लेट घसरत राहतात आणि थोड्याच दिवसांत जळतात.

पुढे आम्ही भिंतीवर तक्ते लावायला सुरुवात केली. कुठल्या गिअरमध्ये कुठला क्लच, कुठला बँड (ड्रमला आवळणारा पट्टा) आणि कुठला वन-वे क्लच (एकाच दिशेला फिरू देणारा) काम करतो, त्याचा प्रत्येक गिअरबॉक्ससाठी एक तक्ता. साध्या तीन गतींच्या सिम्प्सन रचनेत (गिअरची एक प्रचलित मांडणी) तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही एकाच क्लचवर चालतात. म्हणून "पहिला-दुसरा ठीक, तिसऱ्यात इंजिन नुसतं गरगरतं आणि रिव्हर्स नाहीच" असं कुणी फोनवर सांगितलं तर बोट सरळ त्या क्लचवर जातं. रिव्हर्स आहे पण डीमध्ये गाडी हलत नाही, आणि लिव्हर खाली ओढून पहिल्यात टाकली तर चालते, तर संशय वन-वे क्लचवर. अशी वजाबाकी कागदावर झाली की पाना उचलायचा.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून धरून गाडी गिअरमध्ये ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि आरपीएम कुठवर चढतो ते बघायचं, ती आम्ही करतो, पण जपून. चाकांना ठोकळे, ब्रेक पूर्ण, समोर कुणी उभं नाही, आणि पाच सेकंदांच्या वर एक क्षणही नाही. मधल्या वेळात न्यूट्रलमध्ये चालू ठेवून तेल थंड होऊ द्यायचं. आरपीएम ठरलेल्यापेक्षा वर गेला तर क्लच घसरतोय. सगळ्याच जागी कमी आला तर इंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) स्टेटरचा, म्हणजे तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चक्राचा, वन-वे क्लच गेलाय. तेलच जळकं असेल तर ही चाचणी करायचीच नाही. जे आधीच कळलंय ते सिद्ध करण्यासाठी ग्राहकाच्या प्लेट जाळण्यात अर्थ नाही.

तापमानाबद्दल ग्राहकाला खोदून खोदून विचारतो. सकाळी थंड असताना लिव्हर डीमध्ये टाकली की गाडी बराच वेळ उचलत नाही, आणि गरम झाल्यावर सुरळीत, तर रबरी सील कडक झालीत. वर्षं झालेल्या गाडीत हे होणारच. उलट थंड असताना छान आणि गरम झाल्यावर घसरायला लागली, तर पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपातून किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (सगळे व्हॉल्व्ह बसतात तो ठोकळा) झिजलेल्या भोकांतून निसटतंय. आणखी एक लक्षण लोक सांगायला विसरतात. थोडं अंतर जाऊन गाडी ओढेनाशी होते, बाजूला उभी केली की थोड्या वेळाने परत चालते, आणि सोबत रेस केल्यावर वाढणारा कण्हल्यासारखा आवाज. हे बहुधा फिल्टर चोंदल्याचं.

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सच्या गाड्या जुन्या होऊन आमच्याकडे यायला लागल्या तेव्हा आमच्या मोठ्या खर्चाचा काळ आला. गाडीच्या कंट्रोलरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला, विजेचा सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेतला. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीनेच स्वतःचे दोष नोंदवायची प्रमाणित पद्धत) सक्तीचं झालं आणि कोड सारखे झाले, त्याने काम सोपं झालं हे खरं. पण पी०७०० हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवलंय. काय नोंदवलंय, हे त्या कंट्रोलरमध्ये शिरून वाचावं लागतं, आणि स्वस्तातला स्कॅनर तिथे पोचत नाही. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ते प्लेट घसरल्याने असेल किंवा स्पीड सेन्सर खोटं बोलत असेल. अशा वेळी आम्ही दोन्ही सेन्सरचे, म्हणजे गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या फेऱ्यांचा (टर्बाइन) आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचा (आउटपुट), आकडे शेजारी ठेवतो. एकास एक गुणोत्तराच्या गिअरमध्ये टर्बाइन २४०० फेऱ्यांवर आणि आउटपुट २००० वर, दोन्ही आकडे स्थिर आणि सिग्नल स्वच्छ, तर प्लेट घसरतेय. टर्बाइनचा आकडा मध्येच शून्यावर पडून परत येत असेल तर वायर किंवा सेन्सर.

जुन्या गाडीत वायर, अर्थिंग आणि बॅटरी यांची तपासणी आम्ही कधीच वगळत नाही. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर घाबरून गाडीला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला. सोलेनॉइडचा (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजतो, कारण थंडीत शाबूत दिसणारी कॉइल तापल्यावर तुटलेली निघते. काही गिअरबॉक्समध्ये तेल कनेक्टरमधून वायरच्या आतून चढत चढत कंट्रोलरपर्यंत जातं. कनेक्टर काढून बोट लावून बघायला एक मिनिट लागतं.

लॉक-अपच्या (ठरावीक वेगाला टॉर्क कन्व्हर्टरमध्ये थेट जोडणी करणारा क्लच) थरथरीवर सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले आम्ही बघतो. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, ६० ते ८० च्या वेगात, गाडी रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. हे लॉक-अप क्लचचं असू शकतं, तसंच एखाद्या सिलिंडरच्या मिसफायरचंही. त्याच वेगात, मागे वाहन नसताना, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला हलका स्पर्श करायचा. लॉक-अप सुटतो, आरपीएम थोडा चढतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अपचा, आणि योग्य प्रतीचं तेल घालून तो कित्येकदा जातो. थांबली नाही तर प्लग आणि कॉइल बघा. दोन्ही दोषांतल्या खर्चाचा फरक प्रचंड आहे, आणि चाचणी फुकट आहे.

जेव्हा खरंच उतरवावा लागतो तेव्हा आम्ही तसं लिहून देतो, पुराव्यासकट. तेलाचा चेंबर उघडून ग्राहकासमोर चुंबक दाखवतो. त्यावरचा राखाडी, मऊ गाळ ही सामान्य झीज. हाताला लागणारे तुकडे, पितळी चमक, काळ्या अस्तराचे कण दिसले की चर्चा संपते.

हळूहळू इतर गॅरेज आमच्याकडे गाड्या पाठवायला लागली आणि निदानाचं बिल हाच फर्मचा कणा झाला. उतरवायच्या कामांपेक्षा न उतरवता सुटलेल्या कामांनी आम्हाला ग्राहक जास्त दिले. आता डिपस्टिक नसलेले, "आयुष्यभराचं तेल" असं लिहिलेले गिअरबॉक्सही जुने होऊन येतायत. तेल आयुष्यभराचं नसतं, आणि यांची पातळी ठरावीक तापमानालाच, बऱ्याच वेळा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, खालच्या प्लगमधून बघावी लागते. त्यासाठी लिफ्टवर गाडी सपाट राहील अशी वेगळी व्यवस्था आम्ही नुकतीच केली.

गाडी आणणार असाल तर आधी तेल बदलून आणू नका, कुठलंही औषध ओतू नका आणि बॅटरी काढून कोड पुसू नका. या तिन्हींमुळे आमच्या कामाची माहिती पुसली जाते. शेवटचं तेल कधी आणि कुठल्या प्रतीचं घातलं याची पावती असेल तर आणा. आणि जमलं तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, सकाळची पहिली, पूर्ण थंड गाडीची फेरी आम्हाला स्वतः मारायची असते.