कागद कोण बघायचं?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गॅदरिंग आणि सहलींवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी चीनच्या मिंग घराण्यावर लिहितो. ते आम्हाला परीक्षेला नव्हतं, पण आमचे इतिहासाचे सर पोर्शन लवकर उरकत आणि उरलेल्या तासांना मनाला येईल तो देश काढत. राजा कुठलाही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला : "लढाया राहू द्या रे. कागद कोण बघायचं?"

मिंगांच्या बाबतीत याचं उत्तर फार मजेशीर आहे. घराण्याचा संस्थापक झू युआनझांग हा गरीब शेतकऱ्याचा पोर. १३४४ च्या दुष्काळात आणि साथीत आईबाप गेले, मग मठात राहिला, भिक्षा मागत हिंडला. पुढे तेव्हाच्या राज्यकर्त्या मंगोलांविरुद्धच्या बंडात शिरला आणि १३६८ साली नानजिंगला बादशहा झाला. अशा माणसाचा कुणावर विश्वास बसणार? त्याने घर न् घर नोंदवलं. ११० घरांचा एक गट, त्यातल्या दहा सधन घरांनी आळीपाळीने वसुली सांभाळायची. नानजिंगच्या तटाच्या विटांवर तर वीट पाडणाऱ्यापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं उमटवलेली आहेत. वीट कच्ची निघाली तर कुणाला धरायचं हे विटेवरच लिहिलेलं! हे ऐकून मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नावं आपल्याही भिंतीवर आहेत." (कर्कटकाने कोरलेली. त्यात माझंही होतं.)

१३८० मध्ये त्याने आपल्या मुख्य प्रधानाला कटाच्या आरोपावरून मारलं आणि ते पदच मोडीत काढलं. पुन्हा कुणी त्याची मागणी केली तर त्यालाही देहदंड, अशी ताकीद वंशजांना देऊन ठेवली. सहाही खाती थेट बादशहाच्या हाताखाली. १३८४ साली आठ दिवसांत त्याच्यापुढे १,६६० अर्ज आले, त्यांत ३,३९१ बाबी होत्या. सरांनी तो भागाकार फळ्यावर करून दाखवला : रोजचे दोनशेहून जास्त कागद.

तो होता तोवर हे निभावलं. राजधानी बीजिंगला नेणारा त्याचा मुलगा योंगलेही कामाचा माणूस होता. पण पुढे त्यांच्याच वंशातला वानली बादशहा दरबारात यायचाच बंद झाला, नेमणुकांवर सह्या करेना. माणसं निवृत्त होत, मरत, आणि खुर्च्या रिकाम्या पडत. सचिव होते, खोजे होते. पण अधिकाराने निर्णय घेणारा प्रधान नव्हता.

शेवटचा बादशहा चोंगझेन आळशी नव्हता, उलट रात्रंदिवस राबायचा. पण घराण्याच्या मूळपुरुषाचा संशय त्याच्यात पुरेपूर उतरलेला. ईशान्येकडून चाल करून येणाऱ्या मांचूंना अडवणारा सेनापती युआन चोंगहुआन त्याने १६३० मध्ये ठार करवला. पैसा वाचवायला टपालचौक्या कमी केल्या, तेव्हा नोकरी गेलेल्या टपाल्यांत ली झिचेंग नावाचा एक होता. दुष्काळाने पिचलेल्या लोकांना घेऊन १६४४ च्या एप्रिलमध्ये तोच बीजिंगमध्ये शिरला. बादशहाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. थोड्याच आठवड्यांत मांचूंनी लीलाही हुसकावलं.

सर म्हणत, घराणं बुडवलं ते दुष्काळाने आणि रिकाम्या खजिन्याने, दुसरं काही नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दुष्काळ पहिल्या बादशहानेही पाहिला होता, त्यातूनच तो वर आला. माझ्या मते घराण्याचा घात १३८० सालीच, प्रधानपद मोडलं तेव्हाच झाला. सर स्मरणिका वाचतीलच. माझा फोन नंबर त्यांच्याकडे आहे.