एमबीए कुठून करू? तुम्ही विचारलंत म्हणून

भोसरीतल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. माणसं साडेचारशे, कँटीन एकच. त्या कँटीनच्या चहाच्या रांगेत, सोसायटीच्या गणपतीत आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत मला एकच प्रश्न विचारला गेलाय: "नोकरी सांभाळून डिस्टन्सनं एमबीए करायचंय. मान्यता बघू की नाव बघू?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी उलट विचारते, "हा कागद पुढे कोण बघणार आहे?" मग समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, बाई टाळतायत.

टाळत नाही हो. का विचारते ते सांगते.

मागे प्रमोशनच्या फायली चाळत होते. प्रॉडक्शनमधला एक सुपरवायझर, बीएस्सी झालेला, बारा वर्षं शॉपवर, कामाला वाघ. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी त्यानं एमबीएचे कागद जोडले होते. विद्यापीठ परराज्यातलं, मी कधी न ऐकलेलं. प्लास्टिकच्या फोल्डरात चार सत्रांच्या चार गुणपत्रिका, होलोग्राम वगैरे सगळं जागच्या जागी. टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसलं, चारींवर तारीख एकच. दोन वर्षांचा अभ्यास एका दिवसात छापून झाला होता. व्हेरिफिकेशनला पाठवलं. उत्तर आलं की याचा प्रवेश ज्या सत्रातला आहे, त्या सत्रासाठी या विद्यापीठाला दूरशिक्षणाची परवानगीच नव्हती.

केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, पण पेपर लिहिलेत मी. तीन-तीन तास बसून." कुठे लिहिलेस? "सेंटरला." सेंटर म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरचा माळा. फी तिथेच भरायची, पुस्तकं तिथेच मिळायची, परीक्षाही तिथेच. पंचावन्न हजार रुपये गेले होते, पण पैशाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या शिक्षणापुढे त्यानं एमबीए लिहिलं होतं. तेवढंच दोनदा सांगितलं.

म्हणून मान्यता म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. एकदा मिळाली की विद्यापीठाला जन्मभर पुरली, असं तिचं नसतं. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण ब्यूरो, ज्याला सगळे डीईबी म्हणतात, तो विद्यापीठागणिक, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक परवानगी देतो. त्यामुळे काउन्सेलर फोनवर "सर, आमचं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धं बोलत असतो. विद्यापीठ अस्सल असतं, त्याचं दिवसा भरणारं एमबीएही अस्सल असतं. फक्त तुम्ही घेताय त्या सत्राला, दूरशिक्षणातल्या एमबीएला परवानगी नसते. डीईबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत या तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसल्या पाहिजेत. एक जरी गळली तरी पुढे जाऊ नका. २०२४ पासून तर प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतःच काढा. "तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी आम्ही करतो" असं कुणी म्हणालं तर चप्पल घाला आणि बाहेर पडा.

आणि कुठल्याही पत्रावरची तारीख बघा. जुन्या माहितीपुस्तकांवर 'डीईसी मान्यताप्राप्त' असं ठळक छापलेलं असायचं. डीईसी म्हणजे दूरशिक्षण परिषद. ती परिषद २०१३ मध्येच गुंडाळली गेली आणि तिचं काम यूजीसीकडे आलं. तरी ते शिक्के नंतरही माझ्या टेबलावर येत राहिले.

"आता पदवी हातात आली, कोण काय करणार?" असं म्हणणाऱ्यांना मी दोन निकाल सांगते. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याच्या जोरावर शंभराच्या वर खासगी विद्यापीठं उगवली होती, काहींचा तर एका खोलीत संसार. प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ती सगळी एका निकालात गेली. दुसरा निकाल ३ नोव्हेंबर २०१७ चा. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणानं अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयानं स्थगित केल्या, त्यानंतरच्यांच्या रद्द केल्या. त्या पदवीवर बढत्या घेऊन माणसं चाळिशीला पोचली होती.

नॅक म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणारी संस्था. तिचं प्रकरण वेगळं. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतं, ए प्लस प्लस. मुक्त नसलेल्या, साध्या विद्यापीठाला दूरशिक्षण चालवायचं तर नॅकच्या चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा, अशी अट आहे. म्हणजे गाळणी म्हणून नॅक कामाचं आहे. पण श्रेणी मिळते ती अख्ख्या विद्यापीठाला: प्रयोगशाळा, वसतिगृहं, संशोधन, मैदानं धरून. तुम्ही त्या वसतिगृहात एक रात्रही राहणार नाही. तुमच्या वाट्याला येणार पीडीएफ, रेकॉर्ड केलेली लेक्चरं आणि उचलला तर उचलला जाणारा हेल्पलाइनचा फोन. त्याची श्रेणी कुणी देत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीतल्या मंडळींनाच सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली. तेव्हापासून ए प्लस प्लस वाचताना माझी भुवई जरा वर जाते. परदेशी मान्यतेची गोल चिन्हं दिसली तर अजून वर. एएसीएसबी, इक्विस आणि लंडनची एएमबीए ही तीन नावं जगात चालतात. बाकी युरोपातल्या कुठल्याशा कौन्सिलचं सोनेरी चिन्ह माहितीपुस्तकाच्या कोपऱ्यात शोभेला बरं.

आता नाव. इथे मला थोडं खरं बोलावं लागेल. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. कायद्यानं बरोबरीची. मुलाखतीच्या टेबलावर ती बरोबरीची नसते, आणि त्या टेबलाच्या या बाजूला मी बसते. 'मुक्तवाला आहे' हे वाक्य मी माझ्याच कंपनीच्या मीटिंगमध्ये ऐकलंय. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर दोनशे अर्ज होते आणि ते चाळण्याचा सोपा मार्ग त्याला हवा होता. नावाचा उपयोग तेवढाच, अर्ज पहिल्या गठ्ठ्यात राहतो. नाव पुरेसं मोठं असेल तर पदवीसुद्धा लागत नाही. आयआयएमची मुलं वर्षानुवर्षं पदवी नव्हे, पदविका घेऊन बाहेर पडत होती. २०१७ चा कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे त्या संस्थांना पदवी देता आली. तोवर कुणी विचारलं का त्यांना?

पण हे ऐकून उगाच नावामागे धावू नका. मोठ्या संस्थेचा दूरशिक्षण विभाग म्हणजे बोर्ड तेच, दार मागचं. पुढच्या दारानं येणारा कॅट-सीईटी देऊन, गटचर्चेतून निवडून आलेला असतो. मागच्या दारानं बहुतेक ठिकाणी फी भरली की प्रवेश. हे भरती करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या बोर्डाच्या नावाखातर तुम्ही दीड-दोन लाख भरता तेव्हा 'यात कॅम्पस प्लेसमेंट आहे का' हे विचारून घ्या. 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ईमेलनं येणाऱ्या जाहिराती, एवढाच धरा.

म्हणून कागद कोण बघणार, हे विचारते. आमच्या शेजारचे महावितरणमध्ये आहेत. त्यांचा कागद आस्थापनेचा कारकून बघणार. त्याला नावाशी देणंघेणं नाही. प्रवेशाच्या वर्षाचं मान्यतेचं पत्र आणि शिकण्याआधी घेतलेली कार्यालयाची परवानगी, एवढं फायलीत असलं की झालं. त्यांना मी सरळ इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सांगितलं. चुलतबहिणीचे यजमान आखातात जायच्या तयारीत होते. तिकडे काही ठिकाणी पदवी खरी आहे का याबरोबर ती कशी घेतली हेही विचारतात, नियमित की दूरस्थ. त्यांना म्हटलं, आधी तिकडच्या कंपनीकडून लेखी घ्या काय चालतं ते, मग फी भरा. अजून एक. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर दूरशिक्षणातल्या पीजीडीएमच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदविकेच्या वाटेला जाऊ नका, विद्यापीठाची पदवीच घ्या.

नणंदेच्या मुलाचं मात्र जड गेलं. हिंजवडीत पाच वर्षं, टीम लीड, पगार माझ्यापेक्षा जास्त. त्याचा कागद बघणार त्याचा अमेरिकेतला मॅनेजर, तोही बघितला तर. त्याला नावच हवं होतं आणि काउन्सेलरनं त्याला पुरतं घोळात घेतलं होतं. दिवसाला चार फोन, 'आज रात्री बारापर्यंतच स्कॉलरशिप'. मी म्हटलं, "अरे, तुझ्या प्रमोशनला एमबीए लागतं असं कुणी लिहून दिलंय का?" तो म्हणाला, "नाही मामी, पण सगळे करतायत." मग म्हटलं, त्या कोर्समधून गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या तिघांना लिंक्डइनवर शोध आणि विचार, लेक्चरं खरंच झाली का, निकाल वेळेवर लागला का, पगारात फरक पडला का. काउन्सेलरनं दिलेले तिघे नकोत, तू शोधलेले हवेत. त्यानं शोधले. दोघांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या एकानं लिहिलं, "फी भरलीस का? नसशील तर फोन कर."

मी स्वतः इग्नूची. टाइम ऑफिसला हजेरीपटावर होते तेव्हा ओपनमॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा देऊन घुसले. एकवीस पेपर, जून आणि डिसेंबर. एमएस-८ म्हणजे संख्याशास्त्राचा पेपर, त्यानं मला दोनदा घरी पाठवलं. असाइनमेंटला तीस टक्के गुण. रात्री भांडी आवरली की ओट्यावरच वही उघडायची. कोऱ्या पानांना समास आखून द्यायचं काम मुलाकडे होतं, दुसरीत होता तेव्हा. साडेचार वर्षं लागली. या पदवीनं मला कुठे दार उघडून दिलं असं छातीठोक सांगता येणार नाही. टाइम ऑफिसमधून एचआरमध्ये आले, तेव्हा आमच्या तेव्हाच्या साहेबांनी पदवी बघितलीच नाही. ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफचा घोळ मी निस्तरला होता, ते त्यांनी बघितलं. पण पुढच्या बढतीला पात्रतेच्या रकान्यात 'एमबीए' लिहिलेलं होतं, तिथे ती लागली. कागद व्हेरिफिकेशनला गेला आणि चौथ्या दिवशी परत आला.

त्या सुपरवायझरनं यंदा पुन्हा प्रवेश घेतलाय, या वेळी यादीत बघून, स्वतःचा आयडी काढून. बढती तूर्त हुकली. परवा जेवणाच्या सुट्टीत केबिनच्या दारात उभा.

"मॅडम, असाइनमेंट टाइप केलेली चालते का?"

"नाही. हातानं."

"सगळी?"

"सगळी. लेकीला सांग समास आखायला."