पूरियातला पंचम

"पूरियात पंचम ऐकू येतोय. तो घालवायचाय." काउंटरपाशी येऊन बाईंनी पहिलं वाक्य हेच टाकलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी एकवीस वर्षं कॉम्प्युटर जुळवून देतोय. हेडफोनसाठी साउंड कार्ड किंवा डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी, घ्यायला येणारी माणसं बहुतेक आकडे घेऊन येतात. ३२ बिट पाहिजे, ३८४ किलोहर्ट्झ पाहिजे. सूर घेऊन आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. सत्तरीच्या पुढच्या, गिरगावात राहणाऱ्या, चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाई. पूरिया रागात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य असतो हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

त्यांच्याकडे गुरुजींच्या तालमीच्या पंधरा कॅसेट होत्या. बारा कॅसेट एका विद्यार्थ्याने स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या, उरलेल्या तीन बाईंनी घरीच डेक जोडून उतरवल्या. मुलाने सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन आणून दिला, तेव्हापासून त्या रोज दोन तास ऐकत बसायच्या. ऐकता ऐकता वहीत स्वरलेखन करायच्या. आणि पूरियाच्या मागे, तंबोऱ्याच्या आसपास, एक बारीक पंचम सतत लागलेला.

"यमनात कधी खटकलं नाही रे. तिथे पंचम असतोच. पूरियात मात्र काटा टोचावा तसा टोचतो. गुरुजी पूरियाला तंबोरा निषादात लावायचे, मी समोर बसलेली असायची. मग हा पंचम कुठला?"

एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की हेडफोन चांगला आहे म्हणून टेपमधलं सगळं उघडं पडतंय, आता त्याला साजेसा डॅक आणि वेगळा अँप्लिफायर घ्या. बेचाळीस हजारांचं कोटेशन त्यांच्या पिशवीत होतं. मी ते पाहिलं. यंत्रं चांगली होती, त्यात खोट नाही. पण साध्या कॅसेटवर सगळ्यात मोठा आवाज आणि टेपची खरखर यांत पन्नास-पंचावन्न डेसिबलचं अंतर असतं. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. म्हणजे बाईंच्या कॅसेटमधलं सगळं काही १६ बिटांत मावून वर जागा उरते. ३२ बिटांचं भांडं घेऊन त्यात काय भरणार? मी म्हटलं, "बाई, आज काही विकत घेऊ नका. संध्याकाळी घरी येतो."

दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीपाशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी कॅसेट डेक, कोपऱ्यात गवसणीत तंबोरा. कॅबिनेटच्या पत्र्यावरून उलटा हात फिरवला तर झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, दिवा लागला. आपल्याकडच्या जुन्या घरांतून हे सर्रास दिसतं. एक्स्टेन्शन बोर्डाला भोकं तीन, पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यातून झिरपणारा करंट पत्र्यावर येतो आणि पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. करंट अगदी थोडा, माणसाला झिणझिण्या आणण्यापुरता. पण आवाजाच्या तारांना तेवढा भरपूर झाला.

मग हेडफोन लावला. बाईंनी पूरिया सुरू केला. गुरुजींचा आवाज भरदार, सा पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. माझा कान तयार नाही, तरी मागे काहीतरी घुमतंय एवढं कळत होतं. मी फाइल पॉज केली.

गुरुजी थांबले. तंबोरा थांबला. पंचम थांबला नाही.

बाईंना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पडद्यावरच्या थांबलेल्या फाइलकडे पाहिलं. "म्हणजे हा टेपमध्ये नाहीच!" त्या ताडकन उठल्या, गवसणी काढली आणि तंबोऱ्याची पहिली तार खुंटी पिळत पिळत पंचमात आणून छेडली. "हाच. जरासा चढा, पण हाच."

मोबाइलवरचं कंपनसंख्या दाखवणारं अॅप उघडून मी हेडफोनच्या कानाशी धरलं. १०० हर्ट्झ. तेव्हा कोडं सुटलं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घुमघुम जिथे शिरते तिथे ५०बरोबर १००ही येतो. पांढरी एकचा सा सुमारे १३१ हर्ट्झचा, त्याच्या खालचा पंचम ९८चा. शंभर म्हणजे पंचम, जरासा चढा. बाईंचा कान दोन हर्ट्झचा फरक बिनचूक सांगत होता. गुरुजी काळी दोनमध्ये गात असते तर हीच घुमघुम गंधाराच्या जवळ पडली असती, आणि पूरियात गंधार असतोच, तेव्हा बाईंना ती कदाचित इतकी टोचली नसती.

ती शिरत कुठून होती? डेकची तार मागच्या निळ्या जॅकमध्ये, म्हणजे लाइन-इनमध्ये, तशीच खोचलेली होती. शेवटची कॅसेट उतरवून महिना झाला होता. सेटिंगमध्ये लाइन-इनच्या 'लिसन' टॅबमधली टिक चालू. उतरवताना ऐकू यावं म्हणून कुणीतरी ती केली आणि राहिली. पत्र्यावरचा करंट त्या तारेच्या जाळीतून डेककडे वाट काढत होता आणि वाटेतली घुमघुम लाइन-इनमधून थेट हेडफोनमध्ये. तार उपटली. पंचम गेला.

बाई काही बोलल्या नाहीत. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसल्या होत्या.

तरी माउस हलवला की बारीक किरकिर येत होती. माउस पुढच्या यूएसबीमध्ये होता, हेडफोन त्याच्या शेजारच्या जॅकमध्ये. पुढच्या पट्टीवर दोघांची ग्राउंड बहुतेक एकाच छोट्या पट्टीतून जाते. दोन्ही मागे लावले, किरकिर गेली. इथपर्यंत खर्च शून्य रुपये.

आता खरी निवड उरली. बाई कॉम्प्युटरचा आवाज कायम पूर्ण शंभर टक्क्यांवर ठेवायच्या, तरी मंद्रातली आलापी पुसट यायची. हा हेडफोन ३०० ओहमचा आहे, एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. मदरबोर्डचा जॅक जेमतेम व्होल्टभर देत होता आणि तालमीच्या कॅसेट मुळात हळू आवाजात भरलेल्या. इथे कमी पडत होते ते व्होल्ट. दुसऱ्या दिवशी मी दोन यूएसबी डॅक घेऊन गेलो. एक साडेसहा हजारांचा, तीन व्होल्ट देणारा, एक अठ्ठावीस हजारांचा. ५० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने दोघांचे व्होल्ट सारखे केले. हे मी नेहमी करतो, कारण जरा मोठ्याने वाजणारं यंत्र कानाला चांगलंच वाटतं आणि त्याच्यावरच माणसं हजारो रुपये टाकून बसतात. बाईंना पाठ करून बसवलं, दहा वेळा अदलाबदल केली. सहा वेळा त्यांनी बरोबर ओळखलं, आणि लगेच म्हणाल्या, "हे नशिबाने. मला फरक कळत नाहीये." काळजीपूर्वक ऐकणारा माणूसच असं म्हणू शकतो.

साडेसहा हजारांचा ठेवला. अर्थिंगसाठी ओळखीचा वायरमन पाठवला, त्याने मीटरपासून नवी तार ओढली. टेस्टरचा दिवा आता लागत नाही.

घरी उतरवलेल्या तीन कॅसेटचं मात्र वाईट वाटलं. तार जोडलेली असतानाच त्या भरल्या गेल्या होत्या, म्हणजे घुमघुम त्या फाइलींतच बसली होती. त्या पुन्हा उतरवायला लागणार हे सांगितलं तेव्हा बाईंचं लक्ष नव्हतं. पूरिया चालू होता. त्यांनी मला दुसरा हेडफोन लावायला लावला आणि बोट वर करून थांब म्हणाल्या. गुरुजींनी श्वास घेतला त्या फटीत तंबोऱ्याची पहिली तार स्पष्ट आली, जवारीची झालर सोडत. बाईंनी आपल्या तंबोऱ्याची खुंटी पिळली, तार चढवत चढवत निषादापर्यंत नेली, आणि दोन्ही सूर मिळाले.

मग त्यांनी वही ओढली. पूरियाच्या पानावर समासात 'पं?' लिहिलेलं होतं, पेन्सिलीने, खाली दोन रेघा. रबर घेऊन त्यांनी ते खोडलं, भुसा फुंकला, आणि विचारलं, "त्या तीन कॅसेटला कधी बसायचं?"