दुसरा झटका

काल रात्री डोळ्याला डोळा नाही. का, तर जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला जोडलेल्या टेस्टरवरचा शॉर्टचा दिवा (आतले दोन भाग एकमेकांना टेकलेत, हे सांगणारा) पेटला म्हणून. कुणाला सांगायची सोय नाही.

सुरुवात नीट झाली होती. अ‍ॅनोड दोनदा डिस्चार्ज केला, म्हणजे ट्यूबवर साठलेली वीज काढून टाकली (एकदा करून भागत नाही, काच लपवलेला चार्ज थोड्या वेळाने परत काढते). ट्यूबच्या मानेतला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या थराचा) डाग चंदेरी होता, म्हणजे आत हवा शिरलेली नाही. शिरली असती तर तो दुधासारखा पांढरा पडला असता. ६.३ व्होल्टवर हीटर पेटला. टेस्टरचा काटा मात्र पेंगत पेंगत वर आला आणि लाल पट्टीच्या काठाशी थांबला. ट्यूब थकलेली, पण संचात चित्र येत होतं की! उशिरा, मंद, कपाळं चांदीचा मुलामा दिल्यासारखी. पण येत होतं.

मग पहिला झटका. हीटरला जास्तीचे व्होल्ट आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) व ग्रिड (त्यांना आवरणारा) यांच्यामधून जोराचा करंट; कॅथोडवरचा मेलेला थर उडतो, खालचा ताजा उघडा पडतो. काटा हिरव्यात गेला.

तिथे हात आवरायचा होता. दुसरा का दिला? काटा हिरव्याच्या काठावर होता, मधोमध नव्हता, एवढ्यासाठी? अण्णा दारातूनच म्हणाले होते, "तपासतोयस की भांडतोयस?" त्यांच्याकडे न बघता बटण दाबलं. न बघता दाबलं, हेच जास्त लागतंय. संच कुणाचा, ते काही मला माहीत नाही असं नाही.

कॅथोडचा कपचा उडून ग्रिडशी अडकला. अशी ट्यूब बसवली तर पडदा नुसता पांढराफटक, ब्राइटनेस कितीही पिळा.

आज ट्यूब गोधडीवर पालथी ठेवली आणि पेन्सिलीच्या रबराने मानेवर टिचक्या मारत बसलो. जोरात मारायची सोय नाही, मान तडकली की संपलं. तासभर स्वतःला शिव्या, मग त्याचाही कंटाळा आला. आणि दिवा विझला. कपचा पडला असावा. काटा? लाल पट्टीच्या काठाशी. काल होता तिथेच! दोन दिवस, एक रात्र आणि एवढी नसती उठाठेव करून मी जागेवरच.

अण्णांनी विचारलं, "किती आला?"

"होता तेवढाच."

"मग बसव."

बसवतोय. आधी फक्त एकदा काटा बघतो.